तिखे : पोलादाच्या जुन्या वाटा

पोलादाला मराठीत आणखी एक शब्द आहे, तिखे. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो, कोकणीत अजून ऐकू येतो, आमच्याकडे मात्र जवळजवळ बुजला आहे. संस्कृत 'तीक्ष्ण' हे त्याचे मूळ. मिरचीचे तिखट आणि कुऱ्हाडीचे तिखे ही एकाच घरची भावंडे. 'पोलाद' हा शब्द मात्र फारसी 'पूलाद'वरून आला. ज्या दख्खनमधून उत्तम पोलाद इराणला जात होते, त्या दख्खनने पोलादाचे नाव इराणकडून घ्यावे, ही गंमत मला बरीच वर्षे खुपत होती. तिच्या मागे लागून जे वाचले, पाहिले आणि पडताळले, ते येथे मांडतो आहे.

सुरुवात लोहाराच्या भात्यापासून करू. आमच्या पेठेत आणि एकूणच सातगाव पठारावर कुदळ, टिकाव किंवा नांगराचा फाळ झिजला की तो 'शेवटून' आणायची रीत होती. शेवटणे म्हणजे झिजलेल्या टोकाला कडक लोखंडाचा तुकडा लावायचा, दोन्ही लालभडक तापवून घणाखाली एकजीव करायचे आणि मग पाणी द्यायचे. अंग जुनेच राही, तोंड तेवढे नवे होई. गावात रोख पैसा कमी होता म्हणून हे काटकसरीचे काम, असे आपण समजतो. पण जगातला पोलादाचा इतिहास पाहिला तर जवळजवळ अडीच हजार वर्षे सगळीकडे हेच चालले होते असे दिसते. पोलाद हे तोंडाला लावायचे लोखंड होते. अख्खे अवजार पोलादाचे करावे इतके ते कोणाजवळ नव्हते, राजाजवळसुद्धा नव्हते.

हे मी शब्दांवरूनही म्हणतो. ग्रीक भाषेत पोलादाला 'स्तोमोमा' असा एक शब्द आहे आणि तो 'स्तोमा' म्हणजे तोंड या शब्दापासून झाला आहे. लॅटिनमध्ये धारेला 'आकिएस' म्हणत, त्यावरून फ्रेंचांचा 'आसिए' आणि पोर्तुगीजांचा 'आसु' आला. दोन्हींचा अर्थ पोलाद. आपले तिखेही तीक्ष्णावरूनच. एकमेकांना विचारून हे शब्द कोणी केलेले नाहीत. पोलाद हाताळणाऱ्या माणसाला ते जिथे दिसले, त्या जागेवरून त्याने नाव दिले.

थोडे धातूबद्दल सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. लोखंड वितळायला सुमारे १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. जुन्या मातीच्या भट्टीत कोळसा आणि भाता यांवर ती साधत नसे. त्यामुळे दगडातले लोखंड वितळून वाहत नसे. ते स्पंजासारख्या लगद्याच्या रूपात भट्टीत बसे आणि दगडातली घाण तेवढी वितळून निघे. तीच कीट. आयुर्वेदात जिला मंडूर म्हणतात ती हीच. हा लगदा गरम असतानाच ठोकून ठोकून कीट पिळून काढली की मऊ लोखंड मिळे. त्यात कर्ब, म्हणजे कोळशातले मूलद्रव्य, जवळजवळ नसतो. उलट कर्ब दोन टक्क्यांच्या वर गेला की होते बीड, आपल्या बिडाच्या तव्याचे लोखंड. ते ११५० अंशांच्या आसपास वितळते, साच्यात ओतता येते, पण घणाखाली फुटते. या दोहोंच्या मधली जागा पोलादाची. पाव टक्का ते दीड-पावणेदोन टक्के एवढाच कर्ब आत पाहिजे, आणि तो सगळीकडे सारखा पाहिजे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन भाग केले आहेत आणि तीक्ष्णाचे पुन्हा सहा प्रकार सांगितले आहेत. कर्ब हे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण फरक हाताला ठाऊक होता.

आता आपल्या भागाकडे येतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' ही समुद्रव्यापाराची माहितीपुस्तिका इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. जुन्नरच्या इतिहासात तिचा उल्लेख सहसा कल्याण, पैठण आणि तेर या नावांसाठी होतो. पण तिच्यात तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदराची, म्हणजे आजच्या इरिट्रियाची, आयात मालाची यादीही आहे. 'आरियाके'च्या आतल्या मुलुखातून तेथे भारतीय लोखंड आणि 'स्तोमोमा' येते, असे ती सांगते, आणि पाठोपाठ कापडाचे प्रकार देते. आरियाके म्हणजे भडोचच्या पाठीमागचा, उत्तर कोकण आणि त्यावरचा पश्चिम भारताचा प्रदेश. मला वाटते, पश्चिम भारतातून पोलाद परदेशी जात होते याचा हा सर्वांत स्पष्ट जुना पुरावा आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली.

पण त्यावरून 'नाणेघाटातून पोलाद जात होते' अशी उडी मारू नये. पेरिप्लसच सांगते की त्या काळी कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे घाटावरचा माल त्या वेळी कल्याणऐवजी भडोचकडे वळला असण्याची शक्यता मोठी आहे. नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची लांबलचक यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण. त्यात लोखंड शोधायला जाऊ नये, ती काही राणीने दानात द्यायची वस्तू नव्हे. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत कासारांची आणि वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी भेटते, धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी भेटते. लोहार भेटतो तो घाटाखाली, कान्हेरीच्या लेखात: कल्याणचा 'कमार' नंद. आणि कोकणातल्या कुडा लेण्यांत कऱ्हाडच्या एका 'लोहवाणिया'चे दान आहे. लोखंडाचा वाणी! हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. लोखंड घडवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, इतका तो व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी रुळला होता आणि त्यातला माणूस लेणे कोरवून देण्याइतका सधन होता.

मग हे लोखंड निघत कुठे होते? आमच्या तालुक्यांत काही हौशी मंडळी अधूनमधून काळे, सच्छिद्र, जड दगड घेऊन येतात. "ही बघा कीट, आपल्याकडे भट्ट्या होत्या." आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत असे दगड पोत्याने मिळतात. ते ज्वालामुखीच्या लाव्हारसातले वायूचे बुडबुडे आहेत. कीट ओळखायची तर ती फोडून पाहावी: आत काचेसारखी चमक, वितळून ओघळल्याच्या घड्या आणि कुठेतरी अडकलेला कोळशाचा कण किंवा त्याचा ठसा. शिवाय कीट एकटी सापडत नाही. तिच्याबरोबर भात्याच्या मातीच्या नळ्यांचे तुकडे असतात, भाजलेल्या भट्टीची माती असते. असा ढीग मला तरी पेठ ते घोडेगाव आणि जुन्नर या पट्ट्यात पाहायला मिळालेला नाही. कारणही उघड आहे. आपला काळा पाषाण लोहयुक्त आहे खरा, पण त्यातले लोखंड इतर खनिजांत इतके गुंतलेले आहे की कोळशाच्या भट्टीला ते सुटत नाही. आपल्या पायाखाली लोखंड आहे आणि तरी आपण ते विकतच घेतले.

किती उशिरा घेतले, हेही पाहण्यासारखे आहे. आमच्या तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांच्या वस्तीत घरे, धान्य, कालवा, दफने, सगळे मिळाले; हत्यारे मात्र दगडाची आणि थोडी तांब्याची. ही वस्ती ओस पडत होती त्याच सुमारास, नागपूरजवळ नायकुंड येथे लोखंड गाळले जात होते. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते ८० मध्ये तेथे उत्खनन केले तेव्हा बाकदार विटांची भट्टी, भात्याच्या नळ्या आणि कीट असा पूर्ण संच मिळाला; काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासचा. विदर्भातल्या शिलावर्तुळांमधून आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेल्या कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, कट्यारी निघाल्या आहेत. एकाच महाराष्ट्रात एका टोकाला घोड्याच्या तोंडात लोखंड आणि दुसऱ्या टोकाला हातात गारगोटीचे पाते. दगडाच्या जातीने हा फरक पाडला. पूर्व विदर्भात काळा पाषाण संपतो आणि जुने, लोहखनिज असलेले खडक वर येतात.

पश्चिमेला असा दगड मिळतो तो सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जांभ्यात. महाबळेश्वरच्या रानात धावड नावाचा मुसलमान समाज लोखंड गाळत असे. जुन्या मराठीत लोखंडाच्या दगडाला धाऊ म्हणत, त्यावरून धावड. जांभ्यातले गाठीगाठींचे दगड निवडायचे, फोडून भाजायचे, माणसाच्या छातीला लागेल एवढ्या भट्टीत कोळसा आणि धाऊ यांचे थर भरायचे आणि आळीपाळीने भाते मारायचे. भट्टी फोडून लगदा काढायचा, पुन्हा पुढच्या खेपेला बांधायची. असल्या भट्टीला गाळलेल्या लोखंडाच्या कित्येक पट कोळसा लागे, म्हणून धावडाचे घर दगडाजवळ नसून झाडाजवळ असे. साताऱ्याचे गॅझेटियर १८८५ मध्ये छापले गेले तेव्हा हा धंदा बसलेला होता. विलायती लोखंड स्वस्त झाले होते आणि जळण महाग. भात्यामागची सगळी विद्या दोन पिढ्यांत मोलमजुरीला लागली.

धावडांचे लोखंड मऊ. त्यातून तिखे करायचे तर आणखी काही करावे लागे, आणि जगात ठिकठिकाणी ते 'आणखी काही' वेगवेगळे होते. पोलादाचा एक शोधक, एक देश शोधणे मला म्हणूनच फारसे उपयोगाचे वाटत नाही. तुर्कस्तानातल्या कामान-कालेहोयुक येथे इ.स.पू. १८००च्या सुमाराचे पोलादी तुकडे मिळाले आहेत. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये शिवगळै येथील लोखंडाच्या थराचा काळ इ.स.पू. चौथ्या सहस्रकापर्यंत नेणाऱ्या चाचण्या जाहीर केल्या. त्यावर तज्ज्ञांत बोलणे चालू आहे आणि चालू राहावे. पण कोणी आधी, या भांडणात 'कसे' हा प्रश्न मागे पडतो.

चीनने उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांच्या भट्ट्या इतक्या तापत की इ.स.पू. पाचव्या शतकातच त्यांना बीड ओतता येऊ लागले. म्हणजे आपल्याला कर्ब घालायचा होता, त्यांना काढायचा होता. हान काळात ते वितळलेले बीड हवेत ढवळून त्यातला कर्ब जाळत आणि पोलाद मिळवत. इ.स. ३१ मध्ये तू शी नावाच्या अधिकाऱ्याने पाणचक्कीवर भाते चालवले. जपानात ओढ्यातली काळी लोहवाळू 'तातारा' भट्टीत तीन दिवस-रात्र कोळशाबरोबर गाळत. अशी भट्टी शिमाने भागात १९७७ पासून तलवारी घडवणाऱ्यांसाठी पुन्हा पेटवली जाते. आणि त्या तलवारींतही कडक पोलाद धारेला, मऊ पोटात. टांझानियाच्या हाया लोकांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी थेट भट्टीतच कर्बयुक्त लोखंड काढले, असे पीटर श्मिट आणि डोनाल्ड एव्हरी यांनी १९७८ मध्ये मांडले. भट्टी बंद पडून दशके झाली होती, तरी म्हाताऱ्यांना आठवत होते. त्यांनी ती बांधून दाखवली. त्यांच्या तापमानाच्या दाव्यांवर पुढे वाद झाले. मला त्यातून धावड आठवतात. आमच्याकडे म्हातारे असेपर्यंत कोणी भट्टी बांधायला सांगितले नाही.

श्रीलंकेतला प्रकार तर आमच्या घाटमाथ्याच्या माणसाने मुद्दाम वाचावा. समनलवेव येथे डोंगराच्या कडेवर, पावसाळी वाऱ्याच्या तोंडाशी, लांबट भट्ट्यांच्या रांगाच रांगा गिल जुलेफ यांना सापडल्या. पहिल्या सहस्रकातल्या. भाता नाही; वारा हाच भाता. त्यांनी तशी भट्टी बांधून, पेटवून, जास्त कर्बाचे पोलाद काढून दाखवले आणि १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये छापले. नाणेघाटात आषाढात धबधब्याचे पाणी उलटे वर उडते. वारा आमच्याकडेही कमी नाही. दगड नाही, एवढेच.

दख्खनची वाट मुशीची. मऊ लोखंडाचे तुकडे मातीच्या छोट्या मुशीत भरायचे, तोंड मातीने लिंपून बंद करायचे आणि दीर्घकाळ तापवायचे. मुशीची माती भाताच्या तुसात मळलेली. तूस जळून आतल्या आत कोळसा होई आणि मूस तडकत नसे. म्हैसूर-सेलमकडे मुशीत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालत. हा आमच्या माळावरचाच झाडपाला, आपण त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यातला कर्ब लोखंड पिई. कर्ब शिरला की वितळबिंदू खाली येतो, आणि भट्टीला न वितळणारे लोखंड मुशीत वितळते. वितळले की कीट वेगळी होते, कर्ब सारखा पसरतो. मग मूस भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायची. घाई केली तर वडी घणाखाली फुटणार. तलवारीच्या पात्यावर जी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते ती या सावकाशपणातून आणि कमी उष्णतेवर धीराने ठोकण्यातून येते.

या कामाचे मोठे ठिकाण नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम येथे होते. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने लिहून ठेवले आहे की दमास्कसची नक्षी उमटणारे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. एका लहान पावाएवढ्या वडीचे दोन तुकडे करतात आणि एकेका तुकड्याची एक तलवार होते. १८२०च्या दशकात भूगर्भतज्ज्ञ व्हॉयसी कोनसमुद्रमला गेला. त्याला दिसले की दोन वेगवेगळ्या गावांचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून मुशीत भरतात. एकट्या कुठल्याच लोखंडाचे काम होत नाही. तेथे त्याला इस्फहानचा एक व्यापारी भेटला, हाजी हुसेन. तो पोलाद घ्यायला इराणहून येत असे, मुशींजवळ बसून वड्या पारखून घेत असे. पोलाद हा शब्द आपल्या तोंडी कुठून आला याचे उत्तर मला या हाजीत दिसते. गिऱ्हाईक बोलते ती बाजाराची भाषा होते, करणाऱ्याची नव्हे. करणाऱ्याचे तिखे आणि कानडी 'उक्कू' गावातच राहिले.

उक्कूचे तर याहून वाईट झाले. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या वड्या लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत निबंध वाचला. त्याच्या मथळ्यातच लिहिले होते: मुंबईत तयार होणारे आणि तेथे 'वूट्झ' म्हणून ओळखले जाणारे पोलाद. मुंबईत एकही मूस पेटत नव्हती. बसऱ्यात मोती निपजत नाही, तरी मोती बसऱ्याचा, तसेच हे. घाटावरून, दख्खनमधून माल बंदरात आला आणि बंदराचा झाला. उक्कूचे वूट्झ कोणाच्या कानाने किंवा कोणाच्या लेखणीने केले हे महत्त्वाचे नाही. ज्या लोकांनी तो माल केला त्यांचे गाव, जात, नाव यांतले एकही त्या मथळ्यात नाही.

लंडनमध्ये मात्र या वड्यांना मान मिळाला. स्टोडार्ट नावाच्या कारागिराने त्यांची शस्त्रक्रियेची हत्यारे केली आणि व्यवसायाच्या पत्रकावर वूट्झचे नाव मिरवले. त्यानेच पुढे तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन वूट्झची नक्कल करण्याचे प्रयोग केले. १८२०-२२ मध्ये ते छापले गेले. नक्कल जमली नाही, पण पोलादात दुसरे धातू मिसळून पाहण्याची वाट तेथून रुंदावली.

१८५६ मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली. चिनी कारागीर जे दोन हजार वर्षांपूर्वी ढवळून करत होते ते आता टनांनी होऊ लागले. पोलाद प्रथमच तोंडापुरते उरले नाही. रूळ, पूल, जहाज सगळे अंगभर पोलादाचे झाले. ते मुंबईच्या गोदीतून रेल्वेने घाटावर चढले आणि धावडांच्या भट्ट्यांबरोबर लोहाराची शेवटण्याची कलाही हळूहळू बिनकामाची ठरली. धारेचे लोखंड आणि अंगाचे लोखंड वेगळे राहिले नाही, तेव्हा धारेच्या लोखंडाला वेगळा शब्द कशाला? माझ्या मते तिखे हा शब्द मराठीतून गेला तो यामुळे. फारसी पोलादाने त्याला हुसकले नाही. ते दोघे तीन-चारशे वर्षे सुखाने नांदले होते.

आज पुणे-नाशिक रस्त्यावर उन्हाळ्यात घिसाड्यांची पाले पडतात. ते ट्रकच्या मोडीत निघालेल्या कमानपाट्याचे तुकडे करतात आणि त्यांतून कोयते, विळे, खुरपी घडवतात. बाई घण मारते, पुरुष सांडशीत तुकडा फिरवतो. कमानपाट्याचा कोयता अंगभर पोलादाचाच असतो, तरी पाणी देताना तो सगळा बुडवत नाहीत. धारेकडची बोटभर कड तेवढी तिरपी पाण्यात धरतात, रंग उतरताना पाहतात आणि काढतात.